पार्किन्सन्सची गोळी चालू आहे? मग तळपायही दाखवा

पार्किन्सन्सच्या रुग्णाला डॉक्टरांकडे नेलं की बहुतेक वेळ हातांवर आणि चालण्यावर जातो. मुठी उघडा-मिटा, अंगठा आणि तर्जनी भराभर जुळवा, खुर्चीतून उठून दारापर्यंत जाऊन या. कंप किती, ताठरपणा किती, गोळीचा अंमल किती तास टिकतो, हे सगळं विचारलं जातं आणि विचारायलाच हवं. मोजे काढून तळपाय मात्र क्वचितच पाहिले जातात. घरीही "पायाला मुंग्या येतात", "रात्री तळवे जळतात", "चप्पल पायातून कधी निसटली कळलंच नाही" या तक्रारींवर एकच उत्तर ठरलेलं असतं: वय झालं, त्यात पार्किन्सन्स, चालायचंच.

हे उत्तर पुष्कळदा चुकतं. कंप, ताठरपणा, मंदावलेल्या हालचाली ही मेंदूतल्या डोपामिनच्या टंचाईची लक्षणं. तळव्यांचा बधिरपणा आणि जळजळ हा हातापायांपर्यंत जाणाऱ्या नसांचा प्रश्न असू शकतो. डॉक्टर त्याला पेरिफेरल न्यूरोपॅथी म्हणतात. ज्या गोळीच्या आधारावर रुग्णाचा दिवस चालतो, त्या लेव्होडोपाचा या दुखण्याशी संबंध असू शकतो, असं गेल्या दोन दशकांतल्या अभ्यासांतून पुढे आलं आहे. आपल्याकडे तर याकडे जास्तच लक्ष द्यायला हवं, कारण या गोष्टीत बी-१२ जीवनसत्त्वाचा मोठा वाटा आहे आणि त्या बाबतीत आपली बाजू आधीपासूनच लंगडी आहे.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट पक्की करा. हे वाचून कुणीही गोळी बंद करायची नाही, स्वतःच्या मनाने कमी करायची नाही, 'आज नको' म्हणून चुकवायची नाही. १९६७ साली अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास यांनी लेव्होडोपाचे मोठे डोस देऊन रुग्णांमध्ये झालेली सुधारणा दाखवून दिली, आणि तेव्हापासून आजपर्यंत हालचाल मोकळी करणारं इतकं प्रभावी दुसरं औषध आलेलं नाही. ते अचानक थांबवलं तर अंग कमालीचं ताठतं, सणकून ताप येतो, भ्रम होतो, आणि प्रसंग जिवावर बेतू शकतो. नसांचं दुखणं गोळी चालू ठेवूनच सांभाळता येतं, हाच तर या लेखाचा मुद्दा आहे.

आता संबंध किती आहे ते पाहू. इटलीतल्या अनेक केंद्रांनी मिळून ३३० रुग्णांची पाहणी केली, ती २०१३ साली प्रसिद्ध झाली. तीन वर्षांपेक्षा जास्त काळ लेव्होडोपा घेणाऱ्यांपैकी १९.४ टक्के लोकांना न्यूरोपॅथी होती. त्याहून कमी काळ घेणाऱ्यांत हे प्रमाण ६.८ टक्के, आणि जे लेव्होडोपा घेतच नव्हते त्यांच्यात ४.८ टक्के. इतर काही अभ्यासांत आकडे याहून बरेच मोठे आले आहेत. तरीही सगळा दोष गोळीवर टाकता येत नाही. त्वचेतल्या बारीक नसा पार्किन्सन्समुळेही झिजतात, आणि ही झीज गोळी सुरू होण्याआधीच्या रुग्णांतही सापडली आहे. वय, मधुमेह, थायरॉइड, मूत्रपिंडाचे विकार, दारू यांची भर असतेच. पण या सगळ्यांत ज्यावर आजच्या आज उपाय करता येतो असा धागा बी-१२चा आहे, म्हणून मी तिथे जास्त थांबणार आहे.

लेव्होडोपाचा काही भाग मेंदूपर्यंत पोहोचण्याआधीच शरीरातलं कॉम्ट नावाचं विकर गाठतं आणि त्याला मिथाइल गट जोडतं. हा मिथाइल गट देणारं रसायन वापरलं गेलं की शेवटी होमोसिस्टीन उरतं. होमोसिस्टीन साचू द्यायचं नसेल तर त्याचं पुन्हा मिथिओनिन करावं लागतं आणि त्यासाठी बी-१२ आणि फोलेट दोन्ही लागतात. दिवसातून चार-पाच वेळा, वर्षानुवर्षं गोळी घेणाऱ्या माणसाच्या शरीरात हे काम सतत चालू असतं. म्हणजे त्याची बी-१२ची गरज इतरांपेक्षा जास्त. साठा मुळातच तुटपुंजा असेल तर होमोसिस्टीन वाढतं, आणि नसांच्या आवरणाची डागडुजी मागे पडते. लेव्होडोपाबरोबर त्याच गोळीत असलेल्या कार्बिडोपाचा एक वेगळा गुण आहे: ते बी-६ जीवनसत्त्वाला बांधून ठेवतं. नेहमीच्या डोसला त्याचा फार त्रास होत नाही, पण डोस मोठा असेल तर बी-६ही कमी पडू शकतं.

आणि आपला साठा कसा आहे? पुण्यातल्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बी-१२वर अनेक वर्षं काम केलं आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात पुणे शहर आणि परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांपैकी ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी निघालं. शहरी मध्यमवर्गात तर हे प्रमाण ८१ टक्के होतं. ही माणसं आजारी नव्हती, लेव्होडोपाही घेत नव्हती. आता अशाच एखाद्या माणसाचं वय बहात्तर झालंय असं समजा. आयुष्यभर शाकाहार. मधुमेहासाठी दहा-बारा वर्षं मेटफॉर्मिन, ज्याने बी-१२चं शोषण घटतं. सकाळी उठल्याबरोबर ॲसिडिटीची पॅन-४०, जी कुणीतरी पंधरा दिवसांसाठी लिहून दिली होती आणि मग कायमचीच झाली. पोटातलं आम्ल कमी झालं की अन्नातलं बी-१२ नीट सुटून येत नाही. त्यावर सहा वर्षांपासून सिंडोपा, म्हणजे लेव्होडोपाचीच गोळी. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात असा माणूस शोधायला लांब जावं लागणार नाही. चारही गोष्टी एकाच माणसात, आणि त्यातल्या तिन्ही गोळ्या एकाच डब्यात, तीन वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिलेल्या.

म्हणून मला ठामपणे वाटतं की लेव्होडोपा सुरू करण्याच्या आधीच बी-१२ तपासावं आणि नंतर वर्षातून एकदा तरी. सुरू करून बरीच वर्षं झाली असतील तर आता तपासून घ्या. कुणी आपणहून सांगेल याची वाट बघू नका, विचारा.

लक्षणं ओळखायची कशी? न्यूरोपॅथी सहसा दोन्ही पायांच्या बोटांपासून सुरू होते आणि मोजा चढवल्यासारखी वर सरकते. पार्किन्सन्स बहुधा एका बाजूला सुरू होतो आणि त्या बाजूला जास्तच राहतो. न्यूरोपॅथीची तक्रार मात्र दोन्हीकडे साधारण सारखी असते. मुंग्या, टोचणी, रात्री वाढणारी जळजळ, फरशी थंड आहे की गरम हे न कळणं, गादीवरून चालल्यासारखं वाटणं, ही नेहमीची वर्णनं. यात एक घोळ होतो. गोळीचा अंमल उतरला की कित्येक रुग्णांच्या पायात गोळे येतात, बोटं आत वळतात, पाय दुखतात, मुंग्याही येतात. ते पार्किन्सन्सचंच. दोन-तीन दिवस एका कागदावर गोळीची वेळ आणि पायाच्या त्रासाची वेळ शेजारी शेजारी लिहा. गोळी लागू झाली की त्रास जात असेल, तर डोसच्या वेळा बदलून प्रश्न सुटू शकतो. त्रासाचं घड्याळ गोळीच्या घड्याळाशी जुळतच नसेल, तर नसांकडे बघायला हवं. एकाच पायात कमरेपासून कळ येत असेल, तर ते मणक्याचंही असू शकतं. अंगावर एखादा फिकट चट्टा असून तिथे स्पर्श कळत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यायला लाजू नका. आपल्याकडे तो अजून आहे आणि पूर्ण बरा होतो.

बेसिनपाशी रुग्णाकडे नीट लक्ष द्या. सकाळी तोंड धुताना तो साबण लावून डोळे मिटतो आणि त्याच क्षणी पुढे झुकतो किंवा मागे झोक जातो, हात बेसिनची कड शोधतात. डोळे उघडे असताना हाच माणूस तिथे बरा उभा होता. पाय जमिनीची खबर देत नसले की तोल डोळ्यांवर सांभाळला जातो, आणि डोळे मिटले की तो आधार सुटतो. अंधारात बाथरूमला जाताना पडणं हाही याचाच प्रकार. हे पडणं पार्किन्सन्सच्या खात्यावर जमा होतं, लेव्होडोपाचा डोस वाढवला जातो, आणि तोल तसाच राहतो. दुसरा धोका असा की रुग्ण "तोल जातो"ऐवजी "चक्कर येते" म्हणतो आणि जवळच्या दवाखान्यातून त्याला सिनॅरिझिन किंवा फ्लुनारिझिन मिळतं. ही दोन्ही औषधं पार्किन्सन्सची लक्षणं वाढवतात. चक्करची कुठलीही गोळी घेण्याआधी "पार्किन्सन्स आहे" हे त्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा. उलटीसाठीच्या मेटोक्लोप्रामाइड आणि प्रोक्लोरपेराझिन या औषधांचंही तेच.

न्यूरॉलॉजिस्टकडे जाताना रुग्णाला मोजे-बूट घालून नेऊ नका. चपला घालून न्या, म्हणजे पाय तपासायला वेळ लागत नाही. तपासणी साधी असते. शाळेच्या प्रयोगशाळेत असायचा तसा, १२८ हर्ट्‌झचा नादकाटा वाजवून पायाच्या अंगठ्याच्या हाडावर ठेवतात आणि विचारतात, "थरथर जाणवतेय? थांबली की सांगा." ज्याच्या नसा झिजल्या आहेत तो लगेच "थांबली" म्हणतो, आणि तेव्हा नादकाटा डॉक्टरांच्या बोटांत चांगला थरथरत असतो. कित्येकदा बाजूला उभ्या असलेल्या नातेवाइकांनाही तेव्हाच पहिल्यांदा कळतं की तक्रार खरी होती. मग घोट्याचे रिफ्लेक्स, टाचणीचा स्पर्श. गरज पडली तर नसांची विद्युत तपासणी, जिला सगळे एनसीव्ही म्हणतात. ती नॉर्मल आली तरी बारीक नसांचं नुकसान असू शकतं, कारण ही तपासणी जाड नसाच मोजते.

रक्ताच्या तपासणीत काही बारकावे आहेत, आणि ते माहीत नसल्यामुळे पैसे वाया जातात. बी-१२चं इंजेक्शन किंवा गोळी सुरू करण्याआधी रक्त द्या; नंतर आकडा भरघोस येतो आणि त्यावरून काही सांगता येत नाही. बी-१२ २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता उघडच आहे. पण २०० ते ४००च्या मधे असलं तर लॅबच्या कागदावर 'नॉर्मल' छापलेलं असूनही पेशींना ते पुरत नसेल. लेव्होडोपा घेणाऱ्यांच्या बाबतीत ही मधली जागा फार महत्त्वाची. तिथे होमोसिस्टीन आणि मिथाइलमॅलोनिक ॲसिड पाहिलं जातं. दोन्ही वाढलेली असतील तर बी-१२ कमी पडतंय असं समजतात. मूत्रपिंड नीट काम करत नसेल तरीही हे दोन्ही वाढतात, म्हणून क्रिएटिनिनचा आकडा सोबत हवा. होमोसिस्टीनचा नमुना काढल्यावर लगेच बर्फात ठेवून वेगळा करावा लागतो. तसाच पडून राहिला तर तांबड्या पेशींतून होमोसिस्टीन बाहेर येत राहतं आणि आकडा उगाच फुगतो. तालुक्याच्या गावी रक्त घेऊन मुंबईला पाठवणारी केंद्रं असतात, तिथे "नमुना इथेच वेगळा करता का?" एवढा प्रश्न विचाराच. सोबत साखर, एचबीए१सी आणि थायरॉइड करून घ्यावं.

उपचार म्हणाल तर कमतरता असल्यास बी-१२ची इंजेक्शनं, मग रोजची गोळी. किती आणि किती दिवस हे डॉक्टर ठरवतील, पण रुग्ण लेव्होडोपा घेत राहणार आहे तोवर बी-१२कडे लक्ष ठेवावंच लागणार, हे मनाशी धरा. पाच इंजेक्शनांचा कोर्स झाला, आता संपलं, असं नाही. फॉलिक ॲसिड एकटं घेऊ नका. त्याने रक्ताचा अहवाल सुधारलेला दिसतो आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं.

मेडिकलच्या दुकानात 'नसांची गोळी' मागितली की जी मिळते तिच्याबद्दल मला विशेष काळजी वाटते. त्या कॅप्सूलमध्ये बी-१२बरोबर पायरिडॉक्सिन, म्हणजे बी-६, बहुधा असतंच. बी-६ कमी पडलं तर नसा बिघडतात आणि जास्त झालं तरीही नसाच बिघडतात, तेही तशाच मुंग्या आणि बधिरपणासह. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ साली प्रौढांसाठी रोजची वरची मर्यादा १२ मिलिग्रॅमवर आणली. घरातल्या सगळ्या पट्ट्या बाहेर काढा, मागे छापलेले बारीक आकडे भिंगातून वाचा आणि पायरिडॉक्सिनची बेरीज करा. दोन वेगळ्या नावांच्या कॅप्सूलमध्ये तेच घटक असणं आपल्याकडे रोजचं आहे. बेरीज मोठी निघाली तर तो कागद डॉक्टरांना दाखवा. मल्टिव्हिटॅमिनमध्ये लोह असेल तर ते लेव्होडोपाचं शोषण अडवतं, दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर ठेवा. आणि आयुर्वेदिक चूर्ण चालू असेल तर तेही सांगा: खाजकुइलीच्या, म्हणजे कवचबीजाच्या, बियांत नैसर्गिक लेव्होडोपा असतं, त्यामुळे ते एकूण डोसमध्ये मोजायला हवं.

जळजळीसाठी प्रिगॅबालिन, गॅबापेंटिन, ड्युलॉक्सेटिन, ॲमिट्रिप्टिलिन ही औषधं दिली जातात. ती उपयोगी आहेत, पण पार्किन्सन्समध्ये प्रत्येकाची एक अडचण आहे. प्रिगॅबालिन आणि गॅबापेंटिनने झापड येते आणि पावलं सुजतात. ॲमिट्रिप्टिलिनने उभं राहताना रक्तदाब उतरतो, बद्धकोष्ठ वाढतो, वयस्कर माणूस गोंधळतो. ड्युलॉक्सेटिन हे रासाजिलीन, सेलेजिलीन किंवा साफिनामाइड या पार्किन्सन्सच्या औषधांबरोबर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीच घेऊ नका. कमी डोसपासून सुरुवात, आणि पहिल्या आठवड्यात रात्री उठताना सोबत कुणीतरी असावं.

खाण्याने किती फरक पडतो? दूध, दही, पनीर, अंडी, मासे, मटण यांतून बी-१२ मिळतं. कोकणात आणि गोव्यात बांगडा, तारली, तिसऱ्या खाणाऱ्यांची बाजू थोडी बरी असते. मोड आलेली कडधान्यं, पालेभाज्या, इडलीचं आंबवलेलं पीठ यांवर बी-१२साठी विसंबू नका. त्या गोष्टी चांगल्याच आहेत, पण त्यासाठी नाहीत. उतारवयात शोषणच घटलेलं असतं, त्यामुळे एकदा कमतरता झाली की फक्त आहाराने ती भरून निघत नाही. दूध-पनीर वाढवताना गोळीची वेळ सांभाळा: प्रथिनांबरोबर लेव्होडोपा घेतलं तर ते नीट लागू होत नाही. गोळी जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी, पाण्याबरोबर.

उपचार लागू पडेपर्यंत पायांची राखण घरच्यांनी करायची आहे. रुग्णाला वाकून स्वतःचे तळवे पाहता येत नाहीत, म्हणून रोज रात्री दुसऱ्या कुणीतरी ते उजेडात पाहावेत, बोटांच्या बेचक्यांसकट. गरम पाण्याची पिशवी आणि विटेचा शेक बंद. आंघोळीच्या पाण्यात रुग्णाने पाय घालण्याआधी दुसऱ्याने कोपर बुडवून बघावं. चैत्र-वैशाखात भर दुपारी देवळाच्या दगडी फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालणं अगदी टाळा. इतरांना चटका बसतो म्हणून ते पाय उचलतात, याला तो कळत नाही आणि घरी आल्यावर फोड दिसतात. सकाळी लवकर जा, किंवा मोजे घालू द्या. घरात मागे पट्टा असलेली चप्पल, संडास-बाथरूममध्ये धरायला दांडा, रात्रभर एक छोटा दिवा.

परदेशी राहणाऱ्यांनी आणखी एक जाणून घ्या. युरोप-अमेरिकेत काही रुग्णांना पोटातून नळी घालून पंपाने लेव्होडोपा-कार्बिडोपाचं जेल आतड्यात दिलं जातं. त्यात दिवसाचा एकूण डोस मोठा असतो, आणि काही रुग्णांत न्यूरोपॅथी हळूहळू न येता थोड्या आठवड्यांत, पायातली ताकद जाण्यापर्यंत झपाट्याने आली आहे. अशा उपचाराआधी बी-१२, बी-६ आणि होमोसिस्टीन तपासलं जाणार आहे ना, हे विचारा. पंप चालू असताना पाय अचानक लुळे वाटू लागले तर पुढच्या अपॉइंटमेंटपर्यंत थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. नेहमीच्या गोळ्यांवर असलेल्यांनीही, इथे असोत वा तिथे, शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञांना बी-१२ कमी असल्याचं सांगावं. नायट्रस ऑक्साइड हा भुलीचा वायू शरीरातलं बी-१२ निकामी करतो आणि आधीच कमतरता असलेल्या माणसाच्या नसा आणि मज्जारज्जू त्यानंतर बिघडू शकतात.

कॉम्टला अडवणारं एन्टाकॅपोन लेव्होडोपाबरोबर दिलं तर होमोसिस्टीन कमी वाढतं, असं काही अभ्यासांत दिसलं आहे. केवळ नसांसाठी ते सुरू करावं इतका पुरावा नाही, पण गोळीचा अंमल लवकर उतरतो म्हणून डॉक्टर ते देणारच असतील तर हा एक फायदा पदरात पडू शकतो.

सुधारणेला वेळ लागतो. नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते आणि कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंतचं अंतर जवळजवळ मीटरभर आहे. इंजेक्शनं सुरू होऊन महिना झाला आणि फरक नाही म्हणून सोडून देऊ नका. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त, सहा महिन्यांनी पुन्हा तोच नादकाटा. जुना बधिरपणा पूर्ण जाईलच असं नाही, पण कमतरता भरून काढली तर दुखणं वर सरकायचं थांबू शकतं. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या गटात जात असाल तर तिथे प्रत्येकाला एकदा विचारून बघा, शेवटचं बी-१२ कधी तपासलं होतं, आणि आकडा किती होता.